बारवेच्या पायऱ्या उतरताना

बाई घराबाहेर पडते ती माहेरी, लग्नाला, नाहीतर दवाखान्यात. नुसतं पाहायला जायचं म्हटलं की घरचे विचारतात, "तिथं काय ठेवलंय?"

जानेफळहून मेहकरला आपण जातोच. तिथली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची, सुमारे अकरा फुटी मूर्ती १८८८ साली खोदकामात सापडली. लोणारचं दैत्यसूदन मंदिरही जुनं. दर्शन घेऊन लगेच परतू नका, बाहेरून एक चक्कर मारा. भिंतींवरच्या कोरीव मूर्ती तर पाहाल!

पण मला सगळ्यात आपली वाटते ती सिंदखेडराजाची पुतळा बारव. जिजाऊंचा वाडा पाहून बहुतेक लोक परततात. बारवेत खाली उतरलं की भिंतीत कोरलेले दगडी पुतळे दिसतात. अशा पायऱ्या रोज कोण चढलं-उतरलं असेल? डोक्यावर घागर घेतलेल्या बायाच की! बांधणाऱ्यांची नावं कुठंतरी सापडतात, पाणी वाहणारीचं सापडत नाही.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. सासूबाईंनाही न्या, पायऱ्या उतरताना हात धरा. घरच्यांना सांगा, संध्याकाळच्या एसटीनं येतो, भाकरी टोपल्यात आहेत.