केसपेपरवर हाडांसाठी एक ओळ

राज्यभरातून आलेले मनोविकारतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ, परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, आणि या सभागृहातले माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पाहुणे असलेले शुभार्थी, म्हणजे मानसिक आजाराचे रुग्ण, व शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारे,

मिरजेत तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. सर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून कोकणातून, सोलापूरकडून, पलीकडच्या कर्नाटकातून माणसे उपचारासाठी या गावात उतरत आली आहेत. आजाऱ्याला आणि त्याच्यासोबत वळकटी घेऊन आलेल्या नातेवाइकालाही सामावून घेणे मिरजेच्या अंगवळणी पडले आहे. या दोन दिवसांत राहण्या-जेवण्यात काही कमी पडले तर हक्काने सांगा.

स्किझोफ्रेनियावरच्या परिषदेचा स्वागताध्यक्ष हाडांचा डॉक्टर कसा, असे काही मित्रांनी विचारले. त्यांना एका ताईंची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो.

चाळिशी ओलांडलेल्या या ताईंना त्यांच्या भावाने आणि वहिनींनी माझ्या ओपीडीत आणले. न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडखळून त्या खाली बसल्या, एवढेच निमित्त, आणि खुब्याचे हाड मोडलेले. एक्स-रेमध्ये हाडाची साल इतकी पातळ दिसत होती की सत्तरीतल्या आजींची फिल्म चुकून लागली की काय असे वाटावे. पडल्यानंतर तीन दिवसांनी त्या आल्या होत्या. कारण त्या ‘दुखतंय’ असे म्हणाल्याच नव्हत्या, नुसत्या अंथरुणातून उठत नव्हत्या. घरच्यांना वाटले, जुन्या आजाराने पुन्हा उचल खाल्ली. वहिनींनी पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या: रिस्पेरिडोन, सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल. कित्येक वर्षे एकही गोळी चुकलेली नव्हती. पाळीबद्दल विचारले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “ती तर केव्हाच गेली. आम्ही म्हटलं, बरंच झालं, तेवढीच तिची आबाळ कमी.”

त्या माउलीने नणंदेचे सगळे निगुतीने केले होते. पाळी जाण्याचा हाडांशी काही संबंध असतो, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

संबंध आहे, आणि तो सरळ आहे. स्किझोफ्रेनियावरची औषधे मेंदूतल्या डोपामिनचे काम रोखतात, म्हणून भास आणि संशय ओसरतात. पण हेच डोपामिन पीयूषिका ग्रंथीतून झरणाऱ्या प्रोलॅक्टिनला आवरून धरत असते. तो लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढते आणि बाईच्या शरीरातले इस्ट्रोजेन, पुरुषाच्या शरीरातले टेस्टोस्टेरॉन खाली येते. हाडांची झीज रोखणारी संप्रेरके हीच. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल यांनी प्रोलॅक्टिन बरेच वाढते; क्लोझापिन, क्वेटायपिन, एरिपिप्रॅझोल यांचा हा त्रास फार कमी. त्यात वयाचे दुर्दैव असे की माणसाचे हाड साधारण तिशीपर्यंत भरत असते आणि हा आजार गाठतो तो नेमका ऐन विशीच्या आसपास. ज्या वर्षांत शिल्लक टाकायची, त्याच वर्षांत खर्च सुरू होतो.

सगळा दोष औषधांच्या माथी मारणेही बरोबर नाही. दिवसचे दिवस खोलीत, अंगाला ऊन नाही, एकामागून एक विडी-सिगारेट, चहा-बिस्किटावर निघालेली दुपार. यातूनही हाड पोखरते. मग गुंगी, उठताना उतरणारा रक्तदाब, ताठरलेली चाल यांनी माणूस पडतो. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनिया आणि प्रोलॅक्टिन वाढवणारी औषधे, या दोन्हींचा खुब्याच्या फ्रॅक्चरशी स्वतंत्रपणे संबंध आढळला. तरीही फ्रॅक्चरचा धोका मोजायला आम्ही जगभर वापरतो ते शेफील्डचे ‘फ्रॅक्स’ धूम्रपानाबद्दल विचारते, स्टेरॉइडबद्दल विचारते, संधिवाताबद्दल विचारते. स्किझोफ्रेनियाच्या औषधांसाठी त्यात रकानाच नाही. हा रकाना नसल्यामुळे माणसे नजरेआड राहतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे बसलेल्या शुभार्थींना आणि शुभंकरांना हात जोडून एक विनंती आहे. हे ऐकून घरी जाऊन गोळी बंद करू नका. गोळी अचानक सोडली तर आजार उलटतो, आणि उलटलेला आजार तुमच्याकडून हाडांपेक्षा कितीतरी जास्त हिरावून नेतो. औषध बदलायचे, मात्रा कमी करायची की तेच ठेवून हाडांची काळजी घ्यायची, हे तुमच्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलूनच ठरू द्या. पण बोला जरूर. पाळी थांबली असेल, छातीतून दुधासारखा स्राव येत असेल, तर सांगा. पुरुषांच्या लैंगिक तक्रारी घरच्यांसमोर निघत नाहीत. त्या एकांतात विचारायची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची. आणि आपला माणूस पडल्यावर उठत नसेल, तर तो काही म्हणो न म्हणो, एक्स-रे काढा.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचे यंत्र मोठ्या शहरांबाहेर सहजासहजी मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाळीचा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवायला आणि रोज सकाळी उन्हात चालायला सोबत करायला तज्ज्ञ लागत नाही. प्रोलॅक्टिन आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते. ती केव्हा करायची, एवढे तरी दोन्ही शाखांनी मिळून ठरवायला हवे.

त्यासाठी स्वागत समितीने केसपेपरचा एक कच्चा नमुना तुमच्या पिशवीत ठेवला आहे. मनोविकार विभागाच्या कागदावर हाडांसाठी एक ओळ आणि आमच्या अस्थिरोग विभागाच्या कागदावर मनाच्या औषधांसाठी एक ओळ, एवढाच त्यात बदल आहे. उद्या दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा आहे. तो खोडा, सुधारा, पण कोरा परत नेऊ नका.

पहिल्या सत्रात आधी शुभंकर बोलतील आणि आम्ही डॉक्टर मंडळी ऐकू. पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. कृपया त्यांनी पुढे येऊन बसावे.