पगार दिरहमचा, भूक रुपयाची



आहारावर बोलायला उभं राहिलेला माणूस बहुधा पालेभाज्यांपासून सुरुवात करतो. लोकांना कळत नाही म्हणून ते चुकीचं खातात, असं त्यामागे गृहीत असतं. मला ते पटत नाही. का पटत नाही, हे सांगायला मी तुम्हाला खोर फक्कानला नेणार आहे.

गाव संयुक्त अरब अमिरातींतल्या शारजा अमिरातीचं. पण शारजा शहरापासून दूर, हजर डोंगरांच्या पलीकडे, ओमानच्या आखातावर. जमिनीकडून फुजैराच्या हद्दीने वेढलेलं. २०१९ मध्ये पाच बोगद्यांचा नवा रस्ता झाला आणि शारजा जवळ आलं. बंदर खोल आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर, म्हणून मोठी कंटेनर जहाजं इथे लागतात. ज्या देशाचं ८० ते ९० टक्के अन्न बाहेरून येतं, त्या देशाच्या दारातलंच हे बंदर. तेव्हा गावात अन्नाचा तुटवडा नाही. दुकानात आपला कांदा आहे, केळी आहेत, मोसमात आंबाही आहे. मासळी बाजारात सुरमई आहे. रत्नागिरीचा माणूस तिथे बुजणार नाही.

आता त्याच गावातल्या एखाद्या शेअरिंग रूममध्ये चला. आपल्याकडून गेलेल्या कामगाराच्या ताटात भात, डाळ, कधी चिकनचा रस्सा, नाहीतर बकाल्यातून, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातून, आणलेला खबूस, म्हणजे अरबी रोटी. फळ शुक्रवारी, तेही मन झालं तर. या माणसाला फळ चांगलं हे ठाऊक नाही? त्याला सगळं ठाऊक आहे. पण तो पगार दिरहममध्ये घेतो आणि खातो रुपयात. समोरच्या सफरचंदांच्या किमतीला तो मनात विसाने-पंचविसाने गुणतो, गावाकडची फी नाहीतर घराचा हप्ता आठवतो आणि सफरचंदं परत ठेवतो. कागदावरच्या उत्पन्नाला तुम्ही त्याचं उत्पन्न समजाल; त्याच्या ताटापर्यंत पोचतो तो घरी पाठवून उरलेला भाग.

दुसरी अडचण वेळेची आणि शेगडीची. तिकडच्या नियमाप्रमाणे ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने १,५०० दिरहमहून कमी पगाराच्या कामगाराला राहायची जागा द्यावी लागते. जेवणाचं मात्र करारात असेल तसं : कुठे मेस, कुठे भत्ता, कुठे काहीच नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं, ही चांगली गोष्ट. पण पहाटे भरलेला डबा त्या उन्हाळ्यात दुपारी उघडायचा, तर त्यात कोशिंबीर आणि दही कसं राहील? भात राहतो. खबूस राहतो. एका शेगडीवर पाळीपाळीने रांधणारी माणसं भाजी निवडत बसत नाहीत.

सरकारं काय करतात? २०२३ च्या जुलैत भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा अमिरातींनी तांदळाची फेरनिर्यात चार महिने बंद केली. डिसेंबरात कांद्याची निर्यात थांबली. नाशिकचा शेतकरी रस्त्यावर आला, आणि तिकडे त्याच कांद्याचा भाव चढला. जानेवारी २०२५ पासून तिथे नऊ जिनसांची दरवाढ परवानगीशिवाय करता येत नाही : तेल, अंडी, दुग्धजन्य पदार्थ, तांदूळ, साखर, कोंबडी, कडधान्यं, पाव आणि गहू. यादी वाईट नाही. फक्त तिच्यात साखर आहे आणि भाजी नाही. त्याच सरकारने २०१७ मध्ये सोडापेयांवर ५० टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के कर बसवला होता, हेही सांगितलं पाहिजे. आणि भाजी आपल्या रेशनमध्येही नाही; तेही मुख्यतः तांदूळ-गव्हाचंच.

पोट भरलं कशाला म्हणायचं, हा वाद पुण्यात जुना आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा २,२५० उष्मांकांवर आखली. अन्न व कृषी संघटनेतून परतलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी मोजू नका. तिघेही मोठे. पण त्यांचा झगडा उष्मांकांचा होता, आणि सर्वांत स्वस्त उष्मांक भात, साखर आणि तेलातच मिळतात. खोर फक्कानचा कामगार त्या रेषेच्या वर आहे. तरीही त्याचं ताट गरीबच आहे.

आणि त्याने घरी पाठवलेला पैसा पोचतो तिथे काय होतं? पैसा आल्यावर पहिल्यांदा नाचणी मागे पडते. बिस्किटांचे पुडे आणि थंड्याच्या बाटल्या येतात. सगळ्या घरांत असं होतं असं नाही. पण २०२२-२३ च्या देशव्यापी खर्चपाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला साडेनऊ टक्क्यांहून जास्त वाटा पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा निघाला, धान्याचा पाचाच्या आत. उत्पन्न वाढलं की आहार सुधारतो, हे अर्धंच खरं आहे. घराजवळच्या दुकानात काय मिळतं आणि रांधायला कुणाला वेळ आहे, यावर उरलेलं अर्धं ठरतं.

इथे बसलेल्यांपैकी अनेकांचं कुणी ना कुणी आखातात असेल. पुढचा मुलगा निघेल तेव्हा पगाराचा आकडा विचारून थांबू नका. मेस आहे की भत्ता, खोलीत माणसं किती आणि शेगड्या किती, फ्रीज आहे का, हे करारावर सही होण्याआधी विचारा. आणि जो आधीच तिकडे आहे, त्याला सांगा : महिन्याच्या भाजी-फळांचे पैसे आधी बाजूला काढ, उरतील ते पाठव.