सही करणाऱ्याला कोण विचारणार?

(वऱ्हाडातील क्रीडाशिक्षक, पंच व प्रशिक्षकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण, अकोट)



अकोटच्या मंडळींनी संमेलनाचा भार उचलला, आल्यागेल्याची सोय केली आणि एका निवृत्त पी.टी. मास्तराला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं, याबद्दल मनापासून आभार. माझा परिचय करून देताना जे सांगितलं गेलं त्यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, ते माझे विद्यार्थी सांगतील.

संयोजकांनी विषय दिला आहे तो असा: व्यावसायिक खेळाडू, कामाच्या ठिकाणचे लसीकरणाचे नियम आणि नियमभंगाची जबाबदारी, एक आढावा. आढावा घेतो, पण धावता. या विषयाच्या पोटात माझं एक जुनं दुखणं आहे आणि ते बोलायला इतकी वर्षं मला माइक मिळाला नव्हता. आज मिळाला आहे, आणि अध्यक्षांच्या भाषणात घंटा वाजवायची पद्धत नाही.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडचं लसीकरण सुरू झालं. महिनाभरानंतर, फेब्रुवारीच्या शेवटी, अमरावती, अचलपूर, अकोला आणि आपलं हे अकोट पुन्हा बंद झालं. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सर्वांना लस खुली झाली. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर ठरलं होतं, पण जूनमध्ये केंद्रानं टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा दिली. १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच बसता येऊ लागलं. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निकाल दिला: कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, लोकांच्या आरोग्यासाठी बंधनं घालता येतील, पण ती परिस्थितीच्या प्रमाणात हवीत. झाला आढावा.

आता सकाळच्या परिसंवादाकडे येतो. तिथे दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, कबड्डीत समोरच्याचा श्वास थेट तोंडावर येतो, एका चढाईपटूवर चारपाच जण पडतात, मास्क लावून दम घुमवता येत नाही. म्हणून लस नाही तर मैदान नाही. दुसरा पक्ष म्हणाला, शरीर खेळाडूचं आहे, पगारासाठी ते गहाण टाकायला लावू नका. दोघांनीही टाळ्या घेतल्या. माझं मत विचाराल तर खेळाडूनं लस घ्यावी. घ्यायची नसेल तर उघड सांगावं आणि बाहेर बसावं. पण मित्रहो, या वादात एक माणूस कुठेच नव्हता, आणि बहुतेक वेळा नियम त्याच्या हातून मोडतो. मी कागदावर सही करणाऱ्या माणसाबद्दल बोलतोय.

मी पंच होतो त्या एका आंतरशालेय कबड्डी स्पर्धेतली गोष्ट. वजनी गट होता. प्रवेशिकेवर सगळ्या मुलांची वजनं बसतील तशी लिहिलेली, खाली मुख्याध्यापकांची सही, शाळेचा गोल शिक्का. काट्यावर उभा केला तर त्या संघाचा सगळ्यात चांगला चढाईपटू दोन किलो वर. मी त्याला बाद केलं. त्याच्याविना संघ पहिल्याच सामन्यात हरला. पोरगं काट्याजवळ रडत उभं होतं, म्हणालं, ‘‘सर, मले काय मालूम, कागदावर किती लिव्हलं ते!’’ संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला. ज्यांनी सही केली होती ते गुरुजी व्यासपीठावर होते, गळ्यात हार होता आणि ते मुलांना प्रामाणिकपणावर चार शब्द सांगत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती मी त्या दिवशी स्वतःच्या शिट्टीनं दिली होती, आणि नियमाप्रमाणे दिली होती.

दुसरी गोष्ट २०२१ सालची. माझा एक विद्यार्थी खेळाडू कोट्यातून नोकरीला लागलेला. खेळणं हेच त्याचं काम, संघ हेच त्याचं खातं. कामाच्या ठिकाणी फर्मान निघालं, दोन डोसांचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय गेटच्या आत पाऊल नाही. याला सुईची भीती, शिवाय तोंडावर आलेली स्पर्धा. संघाच्या व्यवस्थापकानं त्याला सांगितलं, ‘‘तू फकस्त खेळ, कागदाचं मी पायतो.’’ कागद आला. पोरगं खेळलं, जिंकलं. नंतर तपासणी झाली, प्रमाणपत्र खोटं निघालं. पोराचा पगार थांबला, संघातली जागा गेली. व्यवस्थापकाची बदली झाली, तीही सोयीच्या गावी. तो मुलगा निर्दोष होता असं मी म्हणत नाही. त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. पण एकट्याला?

तुम्ही म्हणाल, मास्तर, ही तालुक्यातली रड झाली. मग जगाकडे बघा. जानेवारी २०२२ मध्ये टेनिसपटू नोव्हाक जोकोविच लस न घेता मेलबर्नला उतरला. त्याच्याकडे सवलतीचं पत्र होतं. ते ऑस्ट्रेलियातल्याच टेनिस संघटनेच्या आणि व्हिक्टोरिया राज्याच्या वैद्यकीय समित्यांनी मान्य केलेलं. प्रवासाच्या अर्जात चुकीचं उत्तर भरलं गेलं होतं. तो अर्ज आपल्या चमूतल्या माणसानं भरल्याचं त्यानं सांगितलं. न्यायालयाचे दोन फेरे झाले आणि १६ जानेवारीला त्याला विमानात बसवून परत धाडलं. नियम म्हणजे नियम, मला त्याचं दुःख नाही. पण ज्या समित्यांनी ‘या, खेळा’ म्हणून पत्र दिलं, त्यांना कुठल्या विमानात बसवलं? अमेरिकेतल्या आइस हॉकीत एव्हँडर केन या खेळाडूनं लसीचं खोटं कार्ड दाखवलं. लीगनं २१ सामन्यांची बिनपगारी बंदी घातली. चोख शिक्षा. ते कार्ड छापणारा हात मात्र बातमीतही आला नाही.

न्यूयॉर्कची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे लस न घेतलेला बास्केटबॉलपटू कायरी आयर्विंग आपल्याच शहरातल्या मैदानावर खेळू शकत नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच नियमांच्या लाटेत शहराच्या सेवेतल्या १,४००हून अधिक साध्या कर्मचाऱ्यांना घरी बसवलं गेलं. मार्चमध्ये महापौरांनी खेळाडूंना आणि कलावंतांना सूट दिली. सफाई कामगाराला ती मिळाली नाही. नामांकित खेळाडू मात्र घरच्या मैदानावर परतला. ज्यानं सूट दिली त्यानं ती स्वतःच्या सहीनं दिली आणि त्या सहीला काहीही किंमत मोजावी लागली नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रात? आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा जानेवारी २०२२ मध्ये मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरली. यजमान आपण. विश्वचषकाचं दार या स्पर्धेतून उघडणार होतं. २० जानेवारीला आपल्या मुलींनी इराणशी गोलशून्य बरोबरी केली. २३ तारखेला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चायनीज तैपेईशी सामना होता आणि संघातल्या डझनभर मुली बाधित निघाल्या. नियमाप्रमाणे तेरा जणी उभ्या करता आल्या नाहीत, म्हणून भारतानं माघार घेतल्याचं धरलं गेलं. संपलं. त्या मुली बाहेरच्या संपर्कापासून तोडलेल्या ‘बबल’मध्ये होत्या, सांगितलं तिथे राहत होत्या. प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांनी हॉटेलच्या कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांवर आणि आयोजकांच्या व्यवस्थेवर जाहीर बोट ठेवलं. आशियाई महासंघानं आपली बाजू मांडली. पत्रकं निघाली, त्यांना उत्तरं निघाली. स्पर्धा पुढे सुरू राहिली, घरच्या मुलींशिवाय. नियम पाळणाऱ्यांनी सगळं गमावलं आणि ज्यांनी तो बबल राखायचा होता त्यांच्यापैकी एकाच्याही नावापुढे फुली पडली नाही. या सभागृहात कितीजणांना ती तारीख आठवते? मला आठवते, कारण त्या दिवशी मला काट्याजवळचं ते पोरगं पुन्हा दिसलं.

कुणी म्हणेल, खेळाडूच जबाबदार, उत्तेजकांच्या बाबतीत तसंच आहे. बरोबर. २०१९ मध्ये क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या शरीरात खोकल्याच्या औषधातून टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं द्रव्य गेलं. फसवायचा हेतू नव्हता हे क्रिकेट मंडळानं मानलं, तरी आठ महिन्यांची बंदी घातली. पण उत्तेजकविरोधी संहितेचं पुढचं पानही वाचा. तिथे साथ देणारा प्रशिक्षक, डॉक्टर, व्यवस्थापक यांनाही शिक्षा आहे. २०१५ पासून तर बंदी घातलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करणं हाही गुन्हा आहे. म्हणजे हे करता येतं, लिहिता येतं, अमलात आणता येतं. लसीच्या नियमांत ते पान मला कुठे दिसलं नाही.

आणि पोलिसांनी मनावर घेतलं तर काय होतं तेही आपण पाहिलं. मे २०२१ मध्ये मुंबईत कांदिवलीच्या एका गृहसंकुलात ३९० रहिवाशांना लसीच्या नावाखाली भलतंच टोचलं गेलं आणि वर प्रमाणपत्रंही मिळाली. तपास वाढला तेव्हा शहरात अशी नऊ शिबिरं आणि दोन हजारांवर फसलेले लोक निघाले. तिथे कागद घेऊन फिरणाऱ्या रहिवाशांना कुणी धरलं नाही. शिबिर भरवणाऱ्यांना धरलं. मला एवढंच हवं आहे, खेळातही.

एक इशारा माझ्याच बाजूच्या लोकांना. सही करणाऱ्याला धरा म्हणजे पहिला हाताला लागेल त्याला धरा, असं नव्हे. वाल्देमार हाफकिननं १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्या लसीच्या एका बाटलीतून १९ माणसं धनुर्वातानं दगावली. दोष आला प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर. बाटली गावात उघडताना झालेली हयगय पुढे उघड झाली, पण त्याची सुटका व्हायला १९०७ उजाडलं. म्हणून चौकशी आधी, शिक्षा नंतर. पण चौकशीच्या नावाखाली फाइल झोपवायची, हे चालणार नाही.

शिकवणाऱ्याला आधी जाब विचारणं आपल्याकडे नवं नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं, त्या काळातल्या आखाड्यांत कुणी लेखी नियम वाचत नसे. पण पठ्ठ्या वाकडा वागला तर लोक आधी वस्तादाकडे जात. वस्ताद मान खाली घालून ऐकून घेई आणि मग पठ्ठ्याला समजावी. आज वस्ताद गेला, व्यवस्थापक आला. पठ्ठ्या मात्र एकटा पडला आहे.

आता काय करायचं, ते थोडक्यात. प्रत्येक शाळेत आणि क्लबात खेळाडूच्या आरोग्याच्या कागदांची एक नोंदवही असावी आणि त्यात तपासणाऱ्याचं नाव व सही असावी. तिचा नमुना कुणीतरी तयार करावा, मी सवडीनं बघेन. खोट्या कागदावर खेळाडू बाद झाला तर सही करणाऱ्यालाही तितक्याच काळासाठी संघापासून दूर ठेवावं, असं निवेदन क्रीडा कार्यालयाला द्यावं. मजकूर नंतर ठरवू. पगारी खेळाडूंच्या संस्थांशी कसं बोलायचं, यासाठी एक छोटी समिती नेमावी. समितीत कोण, हे कार्यकारिणी पाहील.

एवढं मात्र आजच सांगतो. दुपारच्या खुल्या अधिवेशनात या तिन्ही गोष्टींचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. विरोध करायचा असेल त्यांनी उभं राहून, नाव सांगून करावा. आणि पाठिंब्याला हात वर करणाऱ्यांनी गावी गेल्यावर मागच्या हंगामाच्या प्रवेशिका काढून बघाव्यात, त्यातल्या किती सह्या आपण न वाचता केल्या ते. ज्यांची एकही निघणार नाही, त्यांनी पुढच्या वर्षी या खुर्चीत बसावं. मी आनंदानं उठेन.