एका शब्दावर गप्प बसू नका

आपल्या धुळे तालुक्यातल्या बोरविहीरचा जवान चंदू चव्हाण २९ सप्टेंबर २०१६ला पाकिस्तानी हद्दीत गेला. बातमी ऐकूनच त्याची आजी गेली. चंदू २१ जानेवारी २०१७ला सुटून आला. पण ज्या घरी पेटीच येते, तिथं? सोबत ‘अपघात’ किंवा ‘आत्महत्या’ एवढा शब्द. त्याच शब्दावर कुटुंबाची पेन्शन कमी-जास्त होते, हे किती जणींना ठाऊक असतं? कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे लष्करी चौकशीचा अहवाल लेखी मागा, शवविच्छेदनाचाही. लष्कर माहिती अधिकारातून वगळलेलं नाही. सीमा सुरक्षा दल वगळलंय, तरी मानवी हक्कभंगाची माहिती त्यांच्याकडूनही मागता येते. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. नकार आला तर अपील करा. अर्ज लेकीकडून लिहून घ्या, पोचपावती मात्र स्वतःजवळ ठेवा.