खरखर कुठली आणि जवारी कुठली?

तारेच्या वाद्यातून खरखर येऊ लागली की ते बिघडले, असे आपण लगेच ठरवून टाकतो. पण आपल्याकडे एक वाद्य असे आहे, की त्यातला झणत्कार हरवला तर गवई अस्वस्थ होतो आणि कारागिराला शोधत निघतो. ते वाद्य म्हणजे तंबोरा. आणि हल्ली मुलांच्या हाती दिसणारे चार तारांचे एक छोटे वाद्य आहे, त्यातून तसा आवाज आला तर घरात चिंता पसरते. ते म्हणजे युकुलेली. तार इथेही थरथरते, तिथेही थरथरते. मग एकीची खरखर आणि दुसऱ्याची जवारी, हा फरक कुठून येतो?

तंबोऱ्याची घोडी रुंद असते. तिचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार छेडली की ती थरथरताना त्या उताराला पुन्हा पुन्हा हलकेच टेकते आणि सुटते. त्यातून मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर उमटतात आणि आवाज भरून येतो. ही झाली जवारी. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून तिची नेमकी जागा साधतात. धागा केसभर इकडेतिकडे झाला, तरी तार मुकी होते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही या घोडीचे कुतूहल वाटले होते. तार जिथे छेडावी, तिथे ज्यांचा निश्चल बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम; पण तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, हे त्यांनी १९२१ साली दाखवून दिले.

ही घोडी घासून देणारे हात महाराष्ट्रात प्रामुख्याने मिरजेत आहेत. तिथल्या शिकलगारांचा मूळ व्यवसाय शस्त्रांचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले आणि पुढे या घराण्यांना सतारमेकर हेच नाव पडले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी काढणारा कारागीर घोडी थोडी घासतो, तार चढवतो, कान लावतो. पुन्हा तार उतरवतो, पुन्हा घासतो. घासण्यापेक्षा त्याचा ऐकण्यातच अधिक वेळ जातो. त्याची ही सवय आपण युकुलेलीसाठी उसनी घेऊ या.

युकुलेली तशी दूरची पाहुणी. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून काही कुटुंबे उसाच्या मळ्यांत काम करायला हवाईला गेली. त्यांच्यासोबत गेलेल्या छोट्या तंतुवाद्यापासून ती घडली. तिच्या तारा नायलॉनसारख्या धाग्याच्या, ताण कमी, आणि घोडीचा माथा अरुंद. तिथून तार स्वच्छ सुटावी, कशालाही टेकू नये, अशी तिची रचना. म्हणून इथली खरखर हा दोष. पण तो नेमका कुठे, हे ऐकून ओळखता येते.

पहिली तपासणी सुराची. तार ठरलेल्या सुरापेक्षा उतरलेली असेल तर ती सैल होऊन पडद्यांवर आपटते. मोबाइलवर सूर जुळवून पाहावे. काही वेळा एवढ्यानेच काम होते. दुसरी तपासणी बोटाची. बोट पडद्याला लागून, खुंट्यांच्या बाजूला टेकवावे. दोन पडद्यांच्या मध्ये किंवा पडद्याच्या वर नव्हे. तिसरी, सुट्या भागांची. कोणत्याही तारेवर एकच ठरावीक स्वर वाजला की खरखर होत असेल, तर तारेला दोष देऊ नये. खुंटीचा स्क्रू ढिला असेल, तारेचे उरलेले टोक लाकडाला लागत असेल किंवा आतली पट्टी सुटली असेल. बोटाच्या पेराने वाद्यावर हलकेच टकटक करावी. ढिला भाग बहुधा स्वतःच बोलतो.

एवढ्याने भागले नाही तर जागा शोधावी. मोकळी तार खरखरते, पण कोणत्याही पडद्यावर दाबली की स्वच्छ वाजते? मग खुंट्यांजवळच्या पट्टीतली खाच खोल गेली आहे. त्या खाचेत तारेखाली कागदाची बारीक पट्टी ठेवून पाहावी. आवाज थांबला तर निदान पक्के. एकाच पडद्यावर दाबल्यावर खरखर येते? मग घोडीच्या बाजूचा पुढचा पडदा उंच झाला असेल. तीन पडद्यांवर आडवे बसेल असे सरळ कडेचे कार्ड ठेवावे. ते डुगडुगले तर मधला पडदा वर आलेला आहे. सगळीकडेच खरखर असेल तर घोडीवरची पट्टी बुटकी झाली असेल किंवा दांडी वाकली असेल. हे मात्र जाणकाराचे काम.

आमच्या एकोडीसारख्या गावात हवेचाही विचार करावा लागतो. भंडारा जिल्ह्यातला मे महिना लाकूड सुकवून टाकतो. सुकलेले लाकूड आक्रसते, वरची फळी खाली बसते आणि तारा पडद्यांच्या जवळ येतात. पावसाळ्यात तेच लाकूड पुन्हा फुगते. म्हणून उन्हाळ्यात सुरू झालेली खरखर ऐकून लगेच कानस हाती घेऊ नये. वाद्य पत्र्याखालच्या खोलीत, खिडकीतल्या उन्हात किंवा कूलरच्या झोतात उघडे ठेवू नये, पेटीत ठेवावे. घासलेले लाकूड, हाड किंवा पितळ परत येत नाही. कागदाची पट्टी मात्र केव्हाही काढता येते.

हे सारे इतक्या तपशिलाने सांगायचे कारण निराळे आहे. लांबून मागवलेले स्वस्त वाद्य घरी येते, पहिल्याच आठवड्यात खरखरते, आणि घरातले मोठे माणूस सहज बोलून जाते, "तुझ्या हातात सूरच नाही." मूल ते खरे मानते. वाद्य माळ्यावर जाते आणि त्याबरोबर मुलाचे गाणेही. दोष कदाचित कागदाच्या जाडीएवढ्या खाचेचा असतो. मुलाच्या हाताबद्दल मत देण्याआधी पाव तास वाद्य ऐकावे. मिरजेचा कारागीर आपल्या कानावर जेवढा विश्वास ठेवतो, तेवढा आपण निदान त्या पाव तासापुरता ठेवू या. जाणकाराकडे न्यावेच लागले, तर खरखर कोणत्या तारेवर आणि कितव्या पडद्यावर येते, हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. आणि ती चिठ्ठी मुलालाच लिहू द्यावी; ऐकण्याचा तो त्याचा पहिला धडा होईल.