पोरांना घेऊन पुन्हा डोंगरात
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, 'शाळेनं लावलेली एक सवय'. शुद्धलेखन म्हणावं तर बाई समोर बसल्या आहेत, त्यांना माझ्या वह्या आठवत असतील. म्हणून डोंगरात जायच्या सवयीबद्दल बोलते. ही सवय मला शाळेनं लावली, मधली आठ वर्षं ती सुटली होती, आणि दोन मुलं पदरात असताना ती पुन्हा लावून घेताना माझी बरीच फजिती झाली. ती फजितीच सांगणार आहे.

तुम्हाला आठवत असेल, नववीत असताना, 1996 च्या डिसेंबरात, भूगोलाच्या सरांनी आपल्याला तांदुळवाडीच्या किल्ल्यावर नेलं होतं. विरारहून डहाणूकडे जाणारी शटल. वैतरणेच्या पुलावर सगळे दारात, आणि सर एकेकाचा कान धरून आत ओढतायत. सफाळ्याला उतरून आपण किल्ल्याची वाट धरली. सर दर वळणावर थांबून डोकी मोजायचे. आपण बेचाळीस होतो. एका वळणावर एकेचाळीस भरले. ती बेचाळिसावी मी होते. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि लाजेनं मी कुणाला हाक मारली नव्हती. सर एकटे खाली उतरून आले. रागावले नाहीत. पिशवीतून सुतळी काढून त्यांनी चप्पल पायाला बांधून दिली आणि म्हणाले, "सावकाश चल, वर सगळे थांबलेत." या सगळ्यात अर्धा तास गेला. म्हणून आपण माथ्यावर पोचलो, कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली, वैतरणेचं वळण पाहिलं, पण पलीकडच्या टोकापर्यंत जायचं राहिलं. त्यावरून काही जणांनी मला महिनाभर ऐकवलं. ते इथं समोरच बसले आहेत. नावं घेत नाही.

पुढे कॉलेजात आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी डोंगरवेडी झाले. शनिवारी रात्रीची शेवटची कर्जत नाहीतर कसारा लोकल, रविवारी रात्री घरी, सोमवारी ऑफिसात झोप. राजमाची, रतनगड, हरिश्चंद्रगड. नवराही डोंगरातच भेटला. खरं सांगायचं तर तेव्हा चढाईला मी त्याच्या पुढे असायचे. हे तोही कबूल करतो, मात्र चारचौघांत विचारू नका.

2014 मध्ये मुलगी झाली, 2017 मध्ये मुलगा. मी थांबले. तो थांबला नाही. यात कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. मित्रांचा फोन यायचा, तो माझ्याकडे बघायचा आणि मी म्हणायचे, "तू जा." पहिली दोन वर्षं मी ते मनापासून म्हणत होते. नंतर ते तोंडात बसलं. मधे कोरोनाची दोन वर्षं गेली. माझी सॅक माळ्यावर होती. बूटही होते. आठ वर्षांनी बूट काढले, घरातच दोन पावलं चालले आणि दोन्ही तळवे सुटून फरशीवर पडले. आपल्या दमट हवेत वापराविना ठेवलेल्या बुटांचं असंच होतं. तुमचेही कुणाचे माळ्यावर असतील तर डोंगराच्या पायथ्याशी जाण्याआधी घरात घालून बघा.

नवे बूट घेतले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये आम्ही चौघं निघालो. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. कुठं जायचं? मी म्हटलं, अशेरीगड. मनोरजवळ, हायवेला लागून, पूर्वी मी अगदी सहज जाऊन आलेला. वर गुहा आहे, टाकी आहेत, कातळात कोरलेलं पोर्तुगीजांचं राजचिन्ह आहे आणि वाटेत लोखंडी शिडी आहे. मुलांना मजा येईल!

खोडकोना गावातून चढायला लागलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. ही पहिली चूक. चौघांत मिळून तीन बाटल्या पाणी, ही दुसरी. मुलगा अर्धा तास चालला आणि मग खांद्यावर बसला तो उतरेना. खिंडीच्या पुढे मुलीचं डोकं दुखायला लागलं. गाल लाल, घाम थांबलेला, आणि चिडचिड. एका झाडाखाली आम्ही बसलो. शिडी अगदी जवळ आली होती. नवरा म्हणाला, "आता पंधरा-वीस मिनिटंच राहिलीत." मी सवयीनं म्हटलं, "तू जा. आम्ही बसतो." आणि तो गेला.

तो सव्वा तासानं खाली आला. त्या सव्वा तासात मी रुमाल भिजवून मुलीच्या मानेवर ठेवत होते, मुलाला गोष्ट सांगत होते, आणि दोघांवर खेकसतही होते. मुलीनं मला विचारलं, "आई, आम्ही आलो नसतो तर तू वर गेली असतीस ना?" मला उत्तर देता आलं नाही, कारण खरं उत्तर 'हो' होतं.

घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मुलं झोपल्यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "तू गेलासच कसा?" तो म्हणाला, "आठ वर्षं तू 'जा' म्हणतेस. मनात 'नको' असेल तर 'नको' म्हण ना." मला राग आला, पण त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. आणि मुलगी आजारी पडायच्या बेतात असताना तो वर गेला, हेही चूकच होतं. ते त्यानं कबूल केलं. बोलता बोलता मला आणखी एक गोष्ट कळली. मी मुलांना किल्ला दाखवायला गेलेच नव्हते. मला माझा जुना डोंगर परत हवा होता, आणि मुलं त्याच्या आड आली म्हणून मी त्यांच्यावर चिडले होते. मुलांचा काय दोष? डोंगर मी निवडला होता, वेळ मी चुकवली होती.

त्याच सुमारास आपला कॅल्गरीचा मित्र फोनवर भेटला. आज तो येऊ शकला नाही, पण हे त्याचंच म्हणणं आहे म्हणून सांगते. तो आणि त्याची बायको लग्नाआधी बर्फावर स्कीइंग करायचे. मुलं झाल्यावर बंद पडलं आणि मुलांना घेऊन त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. तो म्हणाला, "पहिलं अख्खं वर्ष आम्ही पायथ्याच्या त्या लहानशा उतारावर काढलं. तिथं सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. वर मोठा डोंगर दिसत असतो आणि आपण मुलाच्या बुटाचे बंद आवळत बसलेले असतो. मग आम्ही पाळी लावली. सकाळी ती वर जाते, मी मुलांजवळ. दुपारी मी." तिकडे बर्फ, इकडे कातळ, पण दुखणं एकच.

त्या फोननंतर आम्ही दोघांनी दोन वेगळी खाती उघडली, बँकेच्या भाषेत बोलायचं तर. मुलांबरोबरचा डोंगर हे एक खातं आणि आपला स्वतःचा डोंगर हे दुसरं. एकातलं दुसऱ्यात टाकायचं नाही. महिन्यातला एक रविवार माझा, एक त्याचा. उरलेल्यांपैकी एक चौघांचा. चौघांच्या दिवशी नियम एकच, सगळे वर, नाहीतर सगळे खाली. "तू जा" म्हणायला त्या दिवशी घरात बंदी. माझ्या वाट्याच्या पहिल्या मोठ्या रविवारी मी पाचनईवरून हरिश्चंद्रगड केला. तीन दिवस गुडघे बोलत होते. घरी आले तर नवऱ्यानं खिचडी केली होती, स्वयंपाकघराची अवस्था सांगत नाही, पण मुलं जेवून झोपली होती.

आणि मुलांचा डोंगर आम्ही घराजवळ सुरू केला. वसईच्या किल्ल्यात तर आपण सगळे वाढलो, आणि किल्ला सपाटीवर आहे म्हणून त्याला आपण ट्रेक मानत नाही. पाच वर्षांच्या मुलासाठी तो ट्रेकच असतो. जमिनीकडच्या दरवाजातून शिरायचं आणि समुद्राकडच्या दरवाजाच्या खिळे ठोकलेल्या दारांपर्यंत चालत जायचं. वाटेत पडकी चर्च, वडाच्या पारंब्या, भिंतीवरचे सरडे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला घेतला ही गोष्ट मी तीन मिनिटांत संपवते, कारण चौथ्या मिनिटाला मुलगा सरड्यामागे जातो. मात्र तटावर चढायचं नाही हे ठरलेलं. दगड सुटलेले आहेत.

मग अर्नाळा. किनाऱ्यावरून होडीनं बेटावर. तिथं चढ नाहीच, पण होडी आहे, कोळीवाड्यात वाळत घातलेली मासळी आहे, दरवाजावर कोरलेले हत्ती आहेत. मुलाला किल्ल्यापेक्षा होडी आवडली. आवडू दे की! परत यायला तो तयार झाला, हे महत्त्वाचं.

चढायचा सराव जीवदानीच्या डोंगरावर. पायऱ्या तेराशेच्या वर आहेत. सकाळी सहाला सुरुवात, मुलगी मोठ्यानं मोजते आणि दर शंभराला थांबायचं. पहिल्या खेपेला चारशेला परतलो. देवी रागावली नसावी, कारण चौथ्या खेपेला वर पोचलो. मग पालघरच्या वाघोबा खिंडीतून काळदुर्ग, सावलीची वाट आणि माथ्यावर तो भला मोठा चौकोनी कातळ. फक्त तिथल्या माकडांपासून खाऊ सांभाळा. आमच्या बिस्किटांचा पुडा गेला, आणि मुलगा आजही त्या ट्रेकला 'माकडाचा ट्रेक' म्हणतो.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी, या दोन वर्षांत ठेच लागून शिकलेलं थोडक्यात सांगते. आपल्याला एक तास लागतो तिथं मुलांना अडीच तास धरा, आणि त्यातला एक तास बसण्यात जाणार हे आधीच मान्य करा. आपल्या पट्ट्यात हवा दमट, ऊन लवकर तापतं, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हेच महिने, आणि नऊच्या आत चढ संपलेला हवा. पाणी माणशी दोन लिटर, मुलांचंसुद्धा, आणि ओआरएसची पाकिटं. मुलाच्या पाठीवर त्याची स्वतःची छोटी बाटली द्या, म्हणजे ओझं वाटून घेतल्याचा रुबाब राहतो. खाऊला माझी एकच शिफारस, आपली वसईची सुकेळी. चुरा होत नाही, वितळत नाही, दोन खाल्ली की पोर पुन्हा चालतं. कॅल्गरीच्या मित्रालाही पाठवली आहेत.

आणि पावसाळ्यात धबधबे नकोत. चिंचोटीला माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण किती वर्षं वाचतोय. तिथं बंदी लागते ती आपल्याला त्रास द्यायला नसते. मुलांचा हात धरून निसरड्या कातळावर उभं राहण्यात कसलंही शौर्य नाही. तुंगारेश्वरलाही आम्ही पाऊस संपल्यावरच जातो.

आता शेवटचं. या वर्षी जानेवारीत आम्ही चौघं तांदुळवाडीला गेलो. तीच वैतरणा, तोच पूल, मी मुलांना दारातून आत ओढत होते. माथा दिसायला लागला आणि मुलगा खाली बसला. "पाय संपले," म्हणाला. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं काही विचारलं नाही, सॅक उचलली आणि उताराला लागला. मुलीनंही तोंड वाकडं केलं नाही. खाली येऊन आम्ही चहा प्यायलो. तो ट्रेक माथ्याविना झाला, पण अशेरीपेक्षा शंभर पटीनं चांगला झाला. याच महिन्यात पुन्हा गेलो. या खेपेला चौघंही माथ्यावर पोचलो, टाकी पाहिली. पलीकडचं टोक मात्र अजूनही राहिलंच आहे. माझ्या नशिबी ते दिसत नाही.

सर, चप्पल बांधून देताना तुम्ही मला एवढंच सांगितलं होतं, की वर सगळे थांबलेत. तेव्हा मला नुसती लाज वाटली होती. बेचाळीस पोरांना अर्धा तास थांबवून ठेवणं आणि शेवटचं टोक सोडून देणं हा तुमचा निर्णय होता, हे मला स्वतःची दोन पोरं घेऊन चढताना समजलं. बोलायला सत्तावीस वर्षं उशीर झाला, पण मनापासून आभार.

जाता जाता एक निमंत्रण. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेसहा वाजता, वसई किल्ल्यात चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी भेटू. मुलांना आणा, नातवंडं असतील तर नातवंडं आणा. दोन तास चालायचं, बसून सुकेळी खायची आणि घरी जायचं. सुकेळी मी आणते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तर यावंच, कारण आपण सगळ्यात मागच्या माणसाच्या चालीनं चालणार आहोत. सरांनी यायचं कबूल केलं आहे. डोकी तेच मोजणार आहेत.