कॅमेऱ्यापुढच्या माणसाचा हक्क

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, हे इंदापूर तालुक्यातील आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसांत छायाचित्रकारांची रीघ लागते आणि शिखराची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून झळकतात. मात्र त्याच पाण्याखाली ज्यांची घरेदारे आणि मळे गेले, त्यांच्याकडे क्वचितच कोणी कॅमेरा वळवतो. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. गाव सोडताना जे विशीत होते, ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांची साक्ष कोण नोंदवून ठेवणार? हा प्रश्न मनात ठेवूनच मी आज चित्रपटकार आनंद पटवर्धन यांच्याविषयी बोलणार आहे.

पटवर्धनांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. म्हणजे समाजवादी चळवळीचा वारसा घरातलाच. परंतु वारसा सांगून कोणी मोठा होत नाही. अमेरिकेत शिकत असताना ते व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनात उतरले. परतल्यावर मध्य प्रदेशात ‘किशोर भारती’च्या ग्रामीण कामात रमले. १९७४ साली जयप्रकाशजींच्या आंदोलनासाठी ते बिहारमध्ये गेले आणि तेथे ‘क्रांती की तरंगें’ हा माहितीपट जन्माला आला. साधने तुटपुंजी होती. आठ मिलिमीटरचे चित्रण पडद्यावर टाकून ते पुन्हा सोळा मिलिमीटरच्या फितीवर घ्यावे लागले. आणीबाणी आली, तेव्हा हा चित्रपट चोरून दाखवावा लागला; त्याची फीत तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर गेली. पुढे १९७८ मध्ये राजकीय कैद्यांवरील ‘जमीर के बंदी’ आला.

स्वतंत्र चित्रपटकार म्हणजे केवळ निर्मात्याच्या पैशावर न चालणारा, एवढाच अर्थ आपण घेतो. तो अपुरा आहे. १९८५ च्या ‘हमारा शहर’मधील एक प्रसंग पाहा. मुंबईतील झोपड्या पाडल्या जात आहेत, कॅमेरा चालू आहे. आणि एक संतप्त स्त्री चित्रीकरण करणाऱ्यालाच जाब विचारते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव मिळवाल, आम्हाला त्याचे काय, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. दुसऱ्या कोणी हा प्रसंग कापून टाकला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण १९८६ मध्ये नरिमन पॉइंटची संजय गांधी नगर वस्ती पाडली गेली, तेव्हा ते रहिवाशांबरोबर उपोषणास बसले. त्या स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर पुरस्काराने देता येत नाही, हे त्यांना कळले होते.

त्याच चित्रपटात विलास घोगरे या शाहिराचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसे मारली गेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी त्या घटनेपासून चित्रण सुरू केले ते चौदा वर्षे चालू ठेवले. ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण झाला. न्यायालयातील खटल्यांची फरफट आणि वस्त्यांतील गाणे एवढ्या चिकाटीने टिपणे, ही एका सहकाऱ्याशी राखलेली इमानदारी आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अयोध्येवरील ‘राम के नाम’ (१९९२) मध्ये ते मंदिर आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनाही बोलू देतात, आणि द्वेषाच्या राजकारणाला विरोध करणाऱ्या पुजारी लालदासांनाही. लालदासांची १९९३ मध्ये हत्या झाली. विरोधकाला पुरते बोलू द्यावे आणि निर्णय प्रेक्षकावर सोपवावा, ही पद्धत आपल्या सभांनीही शिकण्यासारखी आहे.

सरकारे बदलली, अडवणूक बदलली नाही. दूरदर्शनने नाकारलेले चित्रपट दाखवावेत म्हणून पटवर्धन वारंवार न्यायालयात गेले. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ हा १९९५ चा चित्रपट; त्याच्या प्रक्षेपणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून मिळायला २००६ साल उजाडले. ‘जंग और अमन’ २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही काट न लावता मोकळा केला. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांची पार्श्वभूमी मांडणारा ‘विवेक’ २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात दाखवता आला, तोही न्यायालयाच्या आदेशानेच.

आता आपल्याकडे वळू. सीमंतिनी धुरू यांच्यासह पटवर्धनांनी १९९५ मध्ये नर्मदेच्या विस्थापितांवर चित्रपट केला. तो इंदापूरच्या उजनीग्रस्तांना दाखवा, बारामतीच्या बागायत भागातील ऊसतोड कामगारांच्या तळावर दाखवा. पडदा गुंडाळला की काम संपले असे मानू नका; खरे काम त्यानंतरच्या चर्चेत आहे. आणि तेवढ्यावरही थांबू नका. बिहारमध्ये पटवर्धनांजवळ जे साधन होते, त्याहून चांगले साधन आज आपल्यापैकी अनेकांच्या खिशात मोबाइलच्या रूपाने आहे. ते आपण बहुधा पुढाऱ्यांचे सत्कार आणि हारतुरे टिपण्यात खर्च करतो. त्याऐवजी गाव सोडलेल्या वृद्धांसमोर बसा. मोबदला किती मिळाला, जमीन कोठे मिळाली, काय मिळालेच नाही, हे त्यांच्याच शब्दांत नोंदवा. धरणामुळे ज्यांचा ऊस फुलला, त्यांचीही बाजू ऐका. आणि नोंदवलेले सारे प्रथम त्यांनाच दाखवा.

त्या वेळी एखादी म्हातारी विचारील, “बाबा, हे घेऊन तू काय करणार?” हा प्रश्न कापू नका. त्याचे उत्तर देण्याची तयारी ठेवूनच तिच्या दारात जा.